ॲम्बेसेडरचा पगार किती?

वसतिगृहात एका नव्या ॲपला ‘कॅम्पस ॲम्बेसेडर’ हवा होता. विचारणा मला झाली, कारण जयंतीचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. काम एवढंच: प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये माझ्या रेफरल कोडने ॲप टाकून घ्यायचं. ५० झाले की प्रमाणपत्र, १०० झाले की टी-शर्ट. पगाराचं विचारलं तर उत्तर आलं, ‘एक्स्पोजर मिळेल.’ मी नाही म्हटलं.

त्या ग्रुपवर शिष्यवृत्तीच्या तारखा, जात पडताळणीची कागदपत्रं, कोणाची फी अडली याच्या खबरा फिरतात. तिथला निरोप पोरं डोळे झाकून मानतात. कंपनीला हाच विश्वास हवाय, तोही फुकट.

गावकीचे निरोप आपल्या आजा-पणजांनी वतनाच्या नावाखाली पोचवले. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. ‘तुझ्यावर सक्ती कुठे आहे?’ असं कोणी विचारेल. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरिबीपोटी किमान वेतनाहून कमी पैशात राबणं हेही सक्तीचं श्रम मानलं. तो निकाल ॲम्बेसेडरला लागू होतो असा माझा दावा नाही. आपल्याला कामगार म्हणायला लागू नये, म्हणून तर हे भारदस्त नाव! पण ज्याच्या बापाच्या ओळखी आहेत, त्याचं अशा प्रमाणपत्रावाचून अडत नाही. आपलं अडतं, म्हणून आपणच सापडतो.

करायचंच असेल तर दर इन्स्टॉलमागे पैसे किती, ते आधी लेखी मागा. आणि ग्रुपमधले नंबर कोणालाही देऊ नका, ते आपल्या एकट्याचे नाहीत.