अक्षांविना आकाश

ॲस्ट्रोसॅटची एखादी प्रतिमा प्रसिद्ध झाली की ती दिवसभर सर्वत्र फिरते. जांभळ्या रंगातली दीर्घिका, खाली गौरवाचे चार शब्द. कडांना मात्र एकही आकडा नसतो. बातमीला ते चालते. विज्ञानाचे विद्यार्थीही प्रकल्प-अहवालात तेच करू लागले आहेत, हे मला खटकते.

२०१५ साली प्रक्षेपित झालेल्या या वेधशाळेची राखीव मुदत संपलेली निरीक्षणे कोणालाही मिळवता येतात. फिट्स फाइलच्या शीर्षभागात कोणता पिक्सेल आकाशात कोठे पडतो, याची नोंद असते. पायथनमधील ॲस्ट्रोपाय ती वाचते, आणि आलेखाला ‘प्रोजेक्शन’ म्हणून दिली की अक्षांवर विषुवांश व क्रांती उमटतात. न दिल्यास मॅटप्लॉटलिब निमूटपणे पिक्सेलचे क्रमांक छापते आणि पहिली ओळ वर ठेवून आकाश उलटे टांगते. माझ्या पहिल्या प्रकल्पात नेमके हेच झाले. उत्तरेकडचा ठळक पट्टा मी दक्षिणेला असल्याचे लिहिले, वर त्याच्या कारणांवर दोन परिच्छेद खर्ची घातले!

अक्ष घडवणे ही सजावट नव्हे. विषुवांश तास-मिनिटांत मोजतात, क्रांती अंश-कलांत. दोन्हींकडचे ‘मिनिट’ सारखेच, असे मानणारे पुष्कळ भेटतात. खगोलीय विषुववृत्तावर विषुवांशाचे एक मिनिट १५ कलांचे असते. देवयानी दीर्घिकेची क्रांती सुमारे ४१ अंश. तेथे तेच मिनिट जेमतेम ११.३ कला भरते. ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र सुमारे २८ कलांचे, म्हणजे त्यात विषुवांशाची अडीचच मिनिटे मावतात. खुणा मिनिटामिनिटाला ठेवल्या तर अक्षावर दोन-तीनच आकडे दिसतील. तीस सेकंदांचे अंतर ठेवावे, सेकंदही छापावेत. हा निर्णय संगणकावर सोपवू नये.

विषुवांश डावीकडे वाढतो, हे पाहून काही जण अक्षच फिरवतात. आपण खगोल आतून पाहतो, म्हणून उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते. अक्ष फिरवला की सर्पिल भुजांचा पीळ उलटा होतो, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

संस्थांनीही शोभेच्या चित्रासोबत अक्षांसहित दुसरी प्रत द्यावी. तिच्यावरून बारावीचा विद्यार्थीसुद्धा तारकानकाशात तो तुकडा शोधू शकेल.