साठीची अट आणि हातची गेलेली वर्षे

भारतात सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे, हा 2023 मधील अंदाज देशाचा आकडा म्हणून सर्रास सांगितला जातो. तो फक्त साठीपुढच्यांचा आहे, ही अट मात्र वाटेत गळून पडते.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो, आणि त्याचा पहिला घाव सहसा स्मृतीवर पडत नाही. मेंदूच्या कपाळामागील व कानशिलालगतच्या भागांतील पेशी मरू लागतात. मग मितभाषी, हिशेबी माणूस अनोळख्यांशी सलगी करतो, पैसे उधळतो, गोडावर तुटून पडतो, पत्नीच्या आजारपणाकडे निर्विकारपणे पाहतो. तारीख-वार त्याला बिनचूक सांगता येतात, म्हणून स्मृतीवर बेतलेल्या चाचणीत तो सहज उत्तीर्ण होतो. घरी तो निर्लज्ज ठरतो, कचेरीत बेजबाबदार. काहींची आधी भाषाच झडते. पुढे मौन, ताठरलेले शरीर, गिळण्यातील अडचण. लक्षणे दिसल्यापासून आयुष्य सरासरी 6 ते 8 वर्षांचे. त्यातलीही पहिली वर्षे स्वभावाला दोष देण्यात जातात.

आजार थोपवणारे औषध नाही, मग लवकर निदान कशाला, हा युक्तिवाद आळशी आहे. अल्झायमरसाठीचे डोनेपेझिल येथे उपयोगी पडत नाही, उलट वर्तन बिघडवू शकते. बँकखाते, नोकरी, वाहन यांची व्यवस्था रुग्णाला समज असतानाच लावावी लागते.

ज्या ‘लासी’ पाहणीतून या अंदाजाचा नमुना निवडला गेला, ती स्वतः 45 वर्षांपासूनच्या लोकांची आहे. डिमेन्शियाची मोजणीही तेथूनच, वर्तनाविषयीच्या प्रश्नांसह, सुरू झाली पाहिजे.