दुकानातले अंडे आणि द्विज

पक्ष्याला संस्कृतात 'द्विज' म्हणतात. एक जन्म अंड्याचा, दुसरा अंड्यातून बाहेर येण्याचा. दुकानात मात्र अंडे येते ते निव्वळ वस्तू म्हणून; त्याला दुसरा जन्म असू शकतो, याचा आपल्याला विसर पडलेला असतो. म्हणूनच इंग्लंडमधील हौशी मंडळी सुपरमार्केटातली लाव्याची अंडी घरच्या उबवणी यंत्रात ठेवतात आणि त्यांतून पिले निघतात, तेव्हा त्याचे एवढे कौतुक होते.

मुळात यात चमत्कार काहीच नाही. जपानी लाव्याच्या माद्यांत एखादा नर राहून गेला, की काही अंडी फलित होतात. जेमतेम १० ग्रॅमचे ते अंडे सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात, पुरेशा ओलाव्यात आणि अधूनमधून फिरवत ठेवले, तर १७-१८ दिवसांत फुटते. १९९० साली 'मीर' या अंतराळस्थानकावरही लाव्याचे पिलू जन्मले होते.

विचार करण्याजोगे आहे ते वेगळेच. माणसाळण्याच्या ओघात या पक्ष्याच्या मादीची अंड्यांवर बसण्याची प्रवृत्ती बहुतांशी लोपली आहे. जिला आपण आईपण विसरायला लावले, तिच्या पिलांची आई होण्याची हौस आता आपण यंत्राकरवी भागवतो. ही हौस आम्हांस निषिद्ध वाटत नाही. ती अठरा दिवसांत संपणारी असेल तर मात्र बेजबाबदार वाटते. पिलांत साधारणपणे निम्मे नर निघतात. सहा-सात आठवड्यांत ते वयात येतात आणि एकत्र कोंडले तर परस्परांना रक्तबंबाळ करतात.

अशा वेळी त्यांना रानात सोडून देणे ही भूतदया नव्हे. ऋग्वेदात अश्विनांनी लांडग्याच्या जबड्यातून वर्तिकेला, म्हणजे लावा पक्षिणीला, सोडवल्याचा उल्लेख येतो. ती रानची होती. यंत्रात जन्मलेल्या पिलाला मात्र परतायला रान नाही. आपल्याकडे तर हा पाळीव पक्षी १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगरला बाहेरून आणलेला.

तेव्हा अंडे उबेला ठेवण्यापूर्वी पिंजरा, दाणा आणि नरांची सोय यांचा विचार व्हावा. तो जमणार नसेल, तर अंडे सरळ उकडून खावे. त्यात, आमच्या मते, अधिक प्रामाणिकपणा आहे.