असर ते मगरिब

दिव्यातले कितीतरी आईबाप पहाटेची लोकल धरतात, रात्री परततात. मधल्या वेळात मुलं कुणी ट्यूशनला, कुणी मकतबला, कुणी मोबाइलवर. एकाच चाळीतली, पण अनोळखी. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने संध्याकाळच्या शाखांत सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र खेळवली. आज महापालिकेच्या शाळांची आवारं तासभर उघडली तरी पुरे. अभ्यासवर्ग मात्र नकोत, ते उदंड झालेत. थोरल्यांनी धाकट्यांना खेळवावं, भांडण त्यांचं त्यांनीच मिटवावं. रमजानमध्ये हा तास असरनंतर ठेवावा. पहिला रोजा धरलेल्या दोस्ताला धावायला लावायचं नाही, हे शेजारच्या पोराला कॅरम खेळता खेळताच कळतं. मगरिबच्या अजानला एक खजूर त्याच्याही हातात येतो.