म्हणणं छापून मांडू या

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला. निमित्त होतं समाजमाध्यमावरच्या मजकुराचं. मग जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं आणि मोबाईलवर विसंबलेला आपला आवाजही बंद झाला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. खोटा स्क्रीनशॉट किती पटकन बनतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मला छापाचित्र महत्त्वाचं वाटतं. चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढली, तेव्हा इंग्रज सरकारने त्या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. ते थांबले नाहीत. पुढे मुंबईत राहून त्यांनी लिनोलियम कोरलं आणि राबणारी लहान मुलं कागदावर छापली.

याला यंत्र लागत नाही. लिनोचा तुकडा, कोरणी, शाई आणि कागद पुरे. वरून चमच्याची पाठ घासली की छाप उमटतो. एका ठशातून अनेक प्रती निघतात. अक्षरं मात्र उलटी कोरावी लागतात, मराठी असोत वा उर्दू. एकेक शब्द कोरायला वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात तो शब्द खरा आहे का, हे तपासता येतं.

सातारा-सांगलीतल्या मुलामुलींनी सुट्टीत एकत्र बसून हे करावं. मोहल्ल्याबाहेरच्या मित्रमैत्रिणींनाही बोलवावं. न्याय, शाळा, पाणी, शेजार, विषय आपलेच आहेत. प्रत्येक छापाखाली आपलं नाव मात्र लिहा. अफवा पसरवणारा नाव लपवतो, आपल्याला त्याची गरज नाही.