रिपोर्टबरोबर घरचं ताटही सांगा

"कोलेस्टेरॉल वाढलंय, तेलकट-तुपकट बंद करा." एवढं ऐकलं की आपल्याकडची माणसं मान डोलावतात आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघतात. बाहेर पेशंटांची रांग असते आणि डॉक्टरांना उलट काही विचारणं अजूनही उद्धटपणाचं वाटतं. त्यामुळे घरात नेमकं काय शिजतं, हे त्यांना कळतच नाही.

धाराशिव जिल्ह्यातलं ताट छापील आहारतक्त्यात सापडत नाही. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. साधारण पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा पडतो आणि दुधातली स्निग्धता त्यात उतरते. उस्मानाबादी शेळीच्या मटणाची चव कुणाला सांगायला नको; पण रश्श्यावर तरंगणाऱ्या तर्रीत तेलासोबत चरबीही असते. खवा, तूप आणि चरबीतली संपृक्त स्निग्धता एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते. रस्सा खाणाऱ्याने निदान तर्री तरी बाजूला काढावी.

याच मातीतली ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हुलग्याचं माडगं आणि जवसाची चटणी मात्र कामाची आहे. डाळी-कडधान्यांतला विद्राव्य तंतू एलडीएल उतरवायला मदत करतो. करडईचं तेलही चांगलं. पूर्वी ज्वारीच्या कडेने काटेरी करडई पेरत, जनावरं आत शिरत नसत. सोयाबीन आलं आणि करडई मागे पडली, याचं मला फार वाईट वाटतं. पण तेल चांगलं म्हणून हात सैल सोडायचा नाही. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅमच्या आसपास तेल पोटात जातं. ते कमीच करायला हवं.

हा डब्याचा हिशेब डॉक्टरांना सांगा. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तंबाखू किंवा दारू चालू असेल, झाडपाल्याचं औषध सुरू असेल, तर तेही लपवू नका. माझा एलडीएल किती हवा, थायरॉईड आणि साखर तपासायची का, हे विचारा. बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, म्हणून काहींना पथ्य पाळूनही गोळी लागते. त्यात त्यांचा दोष नाही.

आणि एक कळकळीची विनंती. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. अंग दुखत असेल तर तसं सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलताही येतं.