खुंटी घ्यावी भिंत पाहून

जाडजूड लाकडी खुंट्या, ऐरणीवर ठोकून घडवलेले काळे लोखंडी आकडे, जुन्या दाराच्या फळीवर रांगेने बसवलेले पितळी हूक. शहरांतल्या फ्लॅटमध्ये सध्या हे सगळे हौसेने लावले जाते आणि ‘रस्टिक’ या नावाने दुकानांत भरपूर मिळते. हौस चांगलीच आहे. पण बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी खुंटी आवडते, मग ती घरी येते आणि भिंत कशाची आहे हा प्रश्न ड्रिल मशीन हातात घेतल्यावर पडतो. मग भिजलेला रेनकोट आणि भरलेले दप्तर एकाच आकड्यावर लटकले की खुंटी प्लॅस्टरच्या खपलीसकट खाली येते.

वाड्यांतल्या खुंट्या पिढ्यानपिढ्या टिकल्या, त्याचे श्रेय लाकडाइतकेच भिंतीला आहे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत खुंटी बांधकाम चालू असतानाच बसवली जाई. तिची बरीच लांबी भिंतीत गाडलेली असे आणि बाहेरचे टोक किंचित वर उचललेले, म्हणजे अडकवलेली वस्तू घसरत नसे. कोनाडा, फडताळ, वळणी आणि खुंटी एवढ्यावर भरल्या घराचा संसार मांडला जाई. आजच्या घरात भिंतीवरचे प्लॅस्टर आतल्या बाजूने साधारण १२ मिलिमीटर असते. स्क्रूची पकड तेवढ्यातच राहिली, तर त्याने काहीही धरलेले नसते.

म्हणून पहिली तपासणी भिंतीची. एक बारीक भोक पाडावे आणि बाहेर पडणारी पूड पाहावी. लाल पूड आली तर वीट आहे. कोकण-गोव्यात ती जांभ्याचीही असू शकते. जांभा सच्छिद्र असतो, भोक नेमके पोकळीत उतरले तर पकड मिळत नाही, तेव्हा जागा थोडी सरकवावी किंवा लांब स्क्रू घ्यावा. पूड पांढरट-राखाडी, मऊ असेल आणि ड्रिल लोण्यात शिरावे तसे आत गेले, तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे कोंडलेला हलका सिमेंटचा ठोकळा. विटेच्या तुलनेत तो फारच हलका, घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो. त्यात ड्रिलचा हॅमर बंद ठेवूनच भोक पाडावे, नाहीतर कडा भुगा होऊन भोक रुंदावते. स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची साधी गिट्टीही तिथे सैल पडते. अशा ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टीच घ्यावी. आणि ड्रिल पुढे सरकतच नसेल, तर भिंत ओतीव काँक्रीटची आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती अशाच ओतलेल्या असतात. तिथे रोटरी हॅमर लागतो, आणि भोक पाडण्यापूर्वी सोसायटीचे नियमही पाहावे लागतात.

गिट्टीचा विषय निघालाच आहे, तर तिचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणे बसवायची होती. त्या गरजेतून जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास स्क्रूसोबत फुगून भोकात घट्ट बसणारी धाग्यांची गिट्टी तयार केली. तोवर भिंतीत लाकडाचा गुटका ठोकून त्यात स्क्रू फिरवत. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी आणली आणि आज हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळते ती तिचीच वंशज. खुंटीवर खर्च करणाऱ्याने या चिल्लर वस्तूत काटकसर करावी, हे मनाला पटत नाही. विटेच्या भिंतीत ८ मिलिमीटरची गिट्टी प्लॅस्टरच्या पलीकडे किमान ४० मिलिमीटर आत गेली पाहिजे.

आता वजनाचे गणित. आकडा भिंतीपासून जितका बाहेर, तितका वरचा स्क्रू उपसला जातो. समजा, पाच किलोचे दप्तर भिंतीपासून १० सेंटिमीटरवर लटकले आहे आणि वरच्या स्क्रूपासून आकड्यामागच्या पट्टीची खालची कड ५ सेंटिमीटरवर आहे. त्या स्क्रूवर बाहेरच्या दिशेने सुमारे १० किलोची ओढ येते. पट्टी उंच आणि आकडा आखूड असेल, तर हीच ओढ निम्म्याखाली येते. सुंदर दिसणाऱ्या, लांब मानेच्या आणि एकाच स्क्रूच्या खुंट्या टोपीसाठी ठीक आहेत, दप्तरासाठी नाहीत.

याच कारणाने सुटे हूक भिंतीत ठोकण्यापेक्षा आधी एक लाकडी फळी बसवून तिच्यावर खुंट्या लावणे केव्हाही चांगले. जुन्या घराच्या पाडकामातून निघालेली सागवानी पट्टी यासाठी उत्तम. मुंबईत ओशिवऱ्याला, पुण्यात जुन्या बाजारात ती शोधता येते. सुमारे तीन फुटांच्या फळीला चार पक्के स्क्रू पुरतात, भार वाटला जातो आणि खुंट्या बदलायच्या झाल्या तरी भिंत शाबूत राहते. फळीची जागा ठरवताना स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, वायरी बहुधा तिथूनच उतरतात. बाथरूम आणि ओट्यामागच्या भिंतीत नळाचे पाइप असतात. भाड्याच्या घरात भोकाची परवानगी नसेल, तर दारावर अडकवायचे हूक वापरावेत. चिकटवायचे हूक गुळगुळीत टाइलवर टिकतात. डिस्टेंपरवर मात्र ते रंगाचा पापुद्रा घेऊन निघतात.

साहित्याबाबत ठाम राहायला हवे, कारण फसवणूक इथेच होते. जुनेपणाचा रंग फासलेले ठिसूळ मिश्रधातूचे हूक लोखंड म्हणून विकले जातात आणि भार आला की मानेत तुटतात. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा. लोखंडी म्हणून दाखवलेल्या हुकाला तो चिकटला नाही, तर ते लोखंड नाही. पितळी म्हणून दाखवलेल्याला चिकटला, तर आत लोखंड आहे. खरे लोखंडही पावसाळ्यात गंजते आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पाडते. पॉलिश पेपरने घासून, जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन ते नीट वाळवावे आणि दर पावसाळ्याआधी हे पुन्हा करावे. समुद्राकाठच्या घरांत सरळ पितळ घ्यावे, तेही स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूसह. दमट हवेत पितळाला लागून असलेला लोखंडी स्क्रू लवकर गंजतो. झाडाच्या फांदीची खुंटी करायची असेल, तर ती सालीसकट ओली वापरू नये. ओले लाकूड वाळताना तडकते आणि सालीखालच्या कोवळ्या भागाला कीड लवकर लागते.

हे सगळे घडवून देणारे हात आपल्या आसपास आहेत, याची आठवण मात्र फार थोड्यांना होते. रस्त्याकडेला भाता लावून विळे-कोयते घडवणारी घिसाडी कुटुंबे महाराष्ट्रभर दिसतात. ८-१० मिलिमीटरच्या सळईचा तुकडा तापवून, एक टोक चपटे करून, दोन भोके पाडून आकडा वळवणे त्यांच्यासाठी थोड्या वेळाचे काम आहे. तसा आकडा कारखान्यातल्या नकली जुन्या मालापेक्षा मजबूत निघतो आणि पैसे थेट कारागिराच्या हाती पडतात. छत्तीसगडमधल्या कोंडागावच्या लोहारांच्या कामाला ‘बस्तर लोहशिल्प’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते देशभरच्या घरांत पोचले. आपल्याकडच्या घिसाड्यांच्या कामालाही अशी ओळख मिळायला हवी.

उंची ठरवताना घरातल्या प्रत्येक माणसाचा विचार व्हावा. मोठ्यांसाठी साडेपाच फूट ठीक, पण आजी-आजोबांना खांद्याच्या वर हात नेणे जड जाते. मुलांसाठी तीन-साडेतीन फुटांवर दुसरी रांग लावावी, म्हणजे दप्तर सोफ्यावर फेकले जात नाही. त्या रांगेत टोकदार लोखंडी आकडा मुळीच नको, तो मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. गोल डोक्याच्या लाकडी खुंट्याच लावाव्यात. अमेरिकेतल्या शेकर पंथीयांनी तर खोलीच्या सगळ्या भिंतींवर खुंट्यांची पट्टी फिरवली होती. झाडताना खुर्च्यासुद्धा ते तिच्यावर टांगून ठेवत. आपल्या दीड-दोन खोल्यांच्या घरांना ही युक्ती आणखी एका कपाटापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण खुंटी जमिनीवरची जागा मागत नाही.

बिल्डरांनी मनावर घेतले, तर यातला बराच त्रास मुळातच टळेल. भिंती उभ्या राहतानाच दारामागे आणि बाल्कनीजवळ एकेक लाकडी पट्टी पक्की बसवून देणे त्यांना अवघड नाही. तोवर घर घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे: काम चालू असताना प्लॅस्टरपूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत, आणि ताबा घेताना किल्लीबरोबर भिंतींतल्या वायरी-पाइपांचा नकाशा व भिंत कशाची आहे याची माहिती लेखी मागून घ्यावी.